पाण्यापासून अर्धं बोट

जुन्या कस्टम कचेरीच्या दुसऱ्या खोलीत,
जिथं पूर्वी जप्त केलेली घड्याळं ठेवायचे,
आता एक इंग्रजी लढाऊ जहाज आहे.
लांबी माझा एक हात आणि वर चार बोटं.
पाटीवर लिहिलंय : सोळावं शतक. लाकूड, सूत, पितळ.
देणगीदाराचं नाव जहाजाच्या नावापेक्षा मोठं.

सोमवारी संग्रहालय बंद. सोमवारी मी काच काढते,
रंगाच्या बारीक ब्रशने तोफा पुसते.
एक हरवली आहे.
तिच्या भोकात मी काडेपेटीची काडी बसवलीय, काळी करून.
अजून कुणी ओळखलेलं नाही.
मीठ आतही पोचतं. देवगडात काचेला कोण विचारतो.
डोलकाठीचं सूत दर पावसाळ्यात सैल पडतं,
आणि माणूस एकही नाही त्यावर,
ना तांडेल, ना भंडारी,
ना कठड्यावर ओणवून ओकणारा नवखा पोर.

श्रावणातल्या एका सोमवारी बाबांना आणलं.
धाकू मेस्त्री. आनंदवाडीत तीस होड्या बांधल्या,
आणि तिसावीनंतर तासणी माळ्यावर टाकली.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून बघणं बोटांनी.

नाळेपासून सुरुवात केली,
नवी म्हैस बघताना कपाळापासून करतात तशी.
पठाणावरून मागं सुकाणूपर्यंत,
मग वर, पोटाच्या फुगवट्यावर थांबत थांबत.
"सागवान न्हय. हलका लाकूड."
बोट नाकाशी नेलं.
"वार्निश जास्ती मारल्यान कोणी तरी."

मग खालच्या रांगेतल्या तोफांची भोकं लागली हाताला.
एक बोट पाण्याच्या रेघेवर ठेवलं,
दुसरं भोकाच्या कडेला.
मध्ये अर्धं बोट.
"वर किती मजले?"
मी मोजले. पुढं मनोरा, मागं मनोरा, त्यांवर पुन्हा तोफा.
"मागसून चढवले हे. पयले इतके नसतीत.
कोणाक तरी आजून होया झाला."
हात लुंगीला पुसला, वार्निश ओलं असल्यासारखा.
"ह्या बुडतला गो.
लढायेत न्हय. वळताना."

तिसावी होडी मालकाला उंच हवी होती.
बर्फाची पेटी वर, केबिन वर,
त्यावर जाळं ओढायचं यंत्र.
बाबा दोनदा नको म्हणाले.
तिसऱ्यांदा माझं लग्न ठरलेलं होतं,
मांडवाची इसारत द्यायची होती.
नारळ फुटला, वाजंत्री आली, अख्खी वाडी जेटीवर.
खाडीच्या तोंडाशी तिनं पहिलं वळण घेतलं.
किनाऱ्यावरून सगळं स्वच्छ दिसलं.
वाजंत्रीवाल्यांना कळायला वेळ लागला,
ते वाजवतच राहिले.
सहा जण पोहत आले. चढले होते सात.

मंगळवारी परुळेकर बाईंना विचारलं,
या जहाजाचं पुढं काय झालं?
त्यांनी कपाटातली वही काढली, चष्मा शोधला.
"बुडालं. आपल्याच बंदरासमोर.
राजा किनाऱ्यावर उभा राहून बघत होता.
वारा आला, जहाज वळलं,
खालची भोकं उघडीच होती."
मग पाटीवर का नाही?
"देणगीदार म्हणाले, शोभत नाही."

घरी येऊन बाबांना सांगितलं.
ते पडवीत बांगडे साफ करत होते, हातांच्या सवयीने.
राजाचं काही विचारलं नाही.
किती मेले तेही नाही.
कल्ले काढले, शेपट्या कापल्या,
पाणी बदलून आणायला मला आत पाठवलं.
तपेलं घेऊन परतले तेव्हा म्हणाले,
"मेस्त्री कोण होतो?"

बाईंच्या वहीत ते नव्हतं.

मांजर आलं, एक डोकं उचलून गेलं.
त्यांनी हाकललं नाही.
"तेना नको म्हटल्यान आसतला," ते म्हणाले.
"दोनदा तरी."